वाढत्या अंगाचे टायर

गाडीच्या टायरांना टक्कल पडलंय हे घरात सगळ्यांत आधी वहिनीला दिसलं. नवव्या महिन्यात स्वतःचे पाय दिसत नाहीत, त्यामुळे माणूस लांबच्या गोष्टी जास्त बारकाईने बघायला लागतो.

"भावजी," ती म्हणाली, "टायर इतके गुळगुळीत झालेत की त्यात बघून भांग पाडता येईल."

धाकट्याने वाकून पाहिलं. भांग पडला नसता, पण नक्षी म्हणून जे काही असतं त्यातलं फारसं उरलं नव्हतं. गाडी ही सध्या त्याची जबाबदारी होती. दादा जहाजावर होता आणि बाळाच्या वेळी त्याला येता येणार नव्हतं. दवाखाना डोंगरापलीकडे, वहिनीच्या आईच्या घराशेजारी. जवळही एक दवाखाना होता, पण तो दातांचा होता. जाताना दादाने धाकट्याला बाजूला घेऊन एवढंच विचारलं होतं, "ती नीट पोहोचेल ना?" आणि धाकटा म्हणाला होता, "पोहोचेल." याआधी घराने त्याच्यावर टाकलेली सगळ्यांत मोठी जबाबदारी म्हणजे गच्चीवरचे वाळलेले कपडे आणणे, आणि त्यातही एक उशीचा अभ्रा शेजारच्या गच्चीवर कायमचा गेला होता.

त्यामुळे तो लगेच टायरांच्या मागे लागला. गाडी घराखालच्या दुकानासमोर उभी होती. दुकान अण्णांचं, म्हणजे दादा-धाकट्याच्या वडिलांचं, शिवणकामाचं. अण्णा गळ्यात मोजपट्टी घालूनच बाहेर आले. ही मोजपट्टी ते आंघोळीच्या वेळी काढत असावेत असा घरात अंदाज होता. पाहिलं कुणी नव्हतं.

धाकट्याने टायरच्या बाजूवरचा चिखल पुसला आणि वाचलं, "२३५, तिरकी रेघ, ६५, आर, १७."

"माप काय घेतलंय?" अण्णांनी विचारलं.

धाकट्याने गेल्या तासाभरात या विषयावर फोनमध्ये भरपूर वाचन केलं होतं. "पहिला आकडा टायरची रुंदी. मिलिमीटरमध्ये. दुसरा म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची."

"तीही मिलिमीटरमध्ये."

"नाही. टक्क्यांत. रुंदीच्या पासष्ट टक्के."

अण्णांनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. "आणि सतरा?"

"आतल्या रिमचा व्यास. इंचात."

अण्णांनी टायरवरची ती ओळ बोटाने पुन्हा वाचली. तीन भावांनी भांडून वाटण्या केल्यावर घराची जी अवस्था होते, ती त्या एका ओळीची झाली होती. "मी उद्या शर्टाची छाती मिलिमीटरमध्ये लिहिली," ते म्हणाले, "बाही छातीच्या टक्क्यांत लिहिली आणि गळा इंचात लिहिला, तर लोक मला ठेवतील का?"

"पुढे अजून एक आकडा आणि एक अक्षर आहे. वजन किती पेलतो आणि वेग किती झेपतो."

"लग्न झालंय का, तेही लिहिलं असेल."

धाकट्याने फोनवर हिशोब करून नव्या टायरचा पूर्ण घेर काढला. अण्णांनी मोजपट्टी काढली आणि जुन्या टायरच्या कमरेभोवती फिरवली. त्यासाठी त्यांना आडवं पडावं लागलं. मग उठून, गुडघे झटकून त्यांनी हलक्या आवाजात सांगितलं, "दीड इंच कमी भरतोय."

"झिजलाय ना."

"आटलाय."

इथे अण्णांची कामाची पद्धत सांगायला हवी. त्यांनी आयुष्यात एकही कपडा मापात कापला नव्हता. जे शिवायचं ते वाढत्या अंगाचं. कापड धुतल्यावर आटतं आणि माणूस जेवल्यावर सुटतो, या दोन गोष्टींवर त्यांचा धंदा उभा होता. पाचवीतल्या पोराला ते आठवीचा शर्ट शिवत हे ठीक, पण साठीच्या गिऱ्हाइकालाही ते दोन बोटं जास्त सोडत, म्हणजे पुढेमागे उंची वाढली तर पंचाईत नको. दादाचा लग्नातला कोट अजून दादाची वाट बघत कपाटात टांगलेला होता.

"रबर आहे ते अण्णा, कापड नाही."

"मोज तू. तुझाच हिशोब आहे. नवीन असताना एवढा होता, आज एवढा आहे. आता याला आटणं म्हणत नाहीत तर काय म्हणतात?"

धाकट्याकडे उत्तर होतं. पण त्याच वेळी अण्णा त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "हिशोब मात्र बरोबर काढलास." शाळेच्या पहिल्या दिवसापासून आजपर्यंत अण्णांनी त्याच्या गणिताबद्दल असं काही म्हटलं नव्हतं. धाकटा उत्तर गिळून बसला. चूक झाली ती तिथे.

टायरवाला अण्णांचा जुना माणूस. त्याच्या सगळ्या पँटी अण्णांनी शिवलेल्या, म्हणून तो एका हाताने काम करी आणि दुसऱ्या हाताने पँट धरी. स्वभाव इतका भिडस्त की त्याच्या तोंडून 'नाही' हा शब्द कधी कुणी ऐकला नव्हता. नाही म्हणायची वेळ आली की तो खोकायचा.

"मास्तर, हाच नंबर देऊ ना?" त्याने विचारलं.

"याच्यापेक्षा मोठा दे."

टायरवाला खोकला.

"रिम मात्र सतराचीच हवी," धाकटा जाणकारासारखा म्हणाला. "ती बदलत नाही."

"रिम सतरात २६५/७० आहेत," टायरवाला म्हणाला. "पण ते..." आणि त्याला खोकल्याची मोठी उबळ आली.

"बसतील ना गाडीला?"

उबळ.

"डावी-उजवीकडे फिरायला अडचण नाही ना?"

टायरवाल्याच्या डोळ्यांत पाणी आलं. अण्णांनी त्याला गरम पाणी प्यायला सांगितलं, घशाला मफलर गुंडाळायला सांगितलं, आणि मोठे टायर चढवून घेतले. गाडी जॅकवरून खाली आली तेव्हा ती उकिडवी बसलेली असताना एकदम उभी राहिल्यासारखी दिसली. दोघे पुढून मागून फिरून आले. "ऐसपैस वाटतंय," अण्णा म्हणाले. टायरवाला आत जाऊन पाणी प्यायला.

दुसऱ्या दिवशी रस्ता पाहून यावा म्हणून अण्णा एकटेच गाडी घेऊन दवाखान्यापर्यंत गेले. परत आले ते दोन बातम्या घेऊन.

"पहिली बातमी चांगली आहे," ते वहिनीला म्हणाले. "दवाखाना जवळ आलाय."

"म्हणजे?"

"मीटरवर पूर्वीपेक्षा कमी अंतर दिसतंय. जातानाही आणि येतानाही."

धाकट्याला कळलं. चाक मोठं, म्हणून एका फेऱ्यात जास्त रस्ता कापला जातो, आणि मीटर बिचारं जुन्याच चाकाचे फेरे मोजतंय. वेगाचा काटाही त्यामुळे कमीच दाखवत असणार. अण्णांना ते सांगायची त्याची हिंमत झाली नाही. "आणि दुसरी?" त्याने विचारलं.

"डोंगर डावीकडे वळताना आवाज करतो."

डोंगर करत नव्हता. स्टिअरिंग पूर्ण डावीकडे नेलं की चाक आतल्या प्लास्टिकला घासत होतं, आणि डोंगरावर वळणं अशी होती की स्टिअरिंग पूर्णच न्यावं लागे. येताना शेवटच्या वळणावर तर चाक अडकूनच बसलं होतं. अण्णांनी गाडी मागे घेतली, पुढे घेतली, पुन्हा मागे घेतली, मागच्या ट्रकवाल्याने त्यांच्या सात पिढ्यांची चौकशी केली, तेव्हा कुठे ते सुटले. त्या झटापटीत प्लास्टिक आणखी आत दबलं आणि आता साध्या गल्लीच्या कोपऱ्यावरही गाडी डावीकडे जाईना. बोथट कात्रीने जाड कापड कापल्यासारखा खर्र आवाज करून थांबायची.

वहिनी गाडीत बसून बघायला खाली आली. गाडी इंचभराहून वर गेली होती. नवव्या महिन्यात तो इंच मजल्याएवढा असतो. अण्णांनी दुकानातलं स्टूल आणलं. एका दारातून जमेना म्हणून ती ड्रायव्हरच्या दाराशी गेली, तिथेही जमेना, म्हणून दार उघडून धापा टाकत नुसतीच उभी राहिली. आणि उभी राहिल्यावर माणूस समोर दिसेल ते वाचतो.

"भावजी."

"काय वहिनी?"

"दारात लिहिलंय."

"काय?"

"टायरचा नंबर. पुढे किती हवा, मागे किती हवा. गाडी बनवणाऱ्यांनीच चिकटवलंय. २३५/६५ आर १७."

धाकटा आला. दाराच्या चौकटीवर पांढरा कागद होता. हे दार तो गेली कित्येक वर्षं उघडत होता.

"कधी वाचलं नाहीत?"

"मी बसायला उघडायचो," धाकटा म्हणाला.

वहिनी रागावली नाही. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसती स्टुलावर बसली आणि म्हणाली, "मला डोंगर चढायचाय हो. तिथे मध्येच अडकले तर काय करू?" अण्णांनी गळ्यातली मोजपट्टी काढली, गुंडाळली, पुन्हा उलगडली आणि दुकानात निघून गेले.

धाकटा धावत टायरवाल्याकडे गेला. जुने टायर परत चढव म्हणाला. टायरवाला खोकला. जुने टायर एका शाळेच्या मैदानात अर्धे पुरून रंगवून झाले होते आणि त्यांच्यावरून पोरं उड्या मारत होती. बरोबर मापाचे नवे? दुकानात नव्हते, मागवतो म्हणाला. कधी येतील? येतील, येतील. उद्या? खोकला. भाड्याच्या गाडीवाल्याला धाकट्याने फोन केला, तर तो आधी "कुठेही सोडतो" म्हणाला, मग पॅसेंजर कोण ते ऐकलं आणि म्हणाला, "माझी सीट कव्हरं नवीन आहेत हो."

घरी आला तर अण्णा कापड कापायच्या टेबलावर खडूने नकाशा काढत होते.

"उजवीकडे गाडी वळते ना?" त्यांनी विचारलं.

"वळते."

"मग डावीकडे जायचंच कशाला? तीनदा उजवीकडे वळलं की माणूस डावीकडेच येतो."

धाकट्याने नकाशा पाहिला. घरापासून डोंगराच्या पायथ्यापर्यंत अण्णांनी एकही डावं वळण न घेता रस्ता काढला होता. तो जिलबीला लाजवणारा होता. बँकेवरून दोनदा, टायरवाल्यावरून दोनदा, आणि एका चौकातून इतक्या वेळा की तिथल्या पोलिसाला संशय यावा.

"आणि डोंगर? तिथे तीन उजवी कशी घेणार? एका बाजूला दगड आहे आणि दुसऱ्या बाजूला हवा."

अण्णांनी खडू खाली ठेवला. हे त्यांनी पाहिलं नव्हतं असं नाही. टेबल तिथे संपत होतं. "तोवर टायर येतील," ते म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीपेक्षा बारीक होता, आणि धाकट्याला पहिल्यांदाच वाटलं की अण्णांनाही रात्री झोप लागत नसावी.

कळा सकाळी सुरू झाल्या. चहा पिता पिता वहिनीने कप खाली ठेवला, टेबलाची कड धरली, थोडा वेळ भिंतीकडे पाहिलं आणि कप परत उचलला. "निघू या," ती म्हणाली. तिने स्वतःच दवाखान्यात फोन केला. तिथल्या नर्सने सगळं विचारून घेतलं आणि सांगितलं की पहिलंच आहे, कळा लांब लांब आहेत, घाई करू नका, सावकाश या. 'सावकाश' म्हणजे किती, ते तिने सांगितलं नाही, आणि तिला डोंगराबद्दल कुणी सांगितलं नाही.

स्टूल लावून तिला मागे बसवलं. धाकटा गाडी चालवायला बसला, अण्णा शेजारी, मांडीवर कागदावर उतरवलेला नकाशा.

"उजवी," अण्णा म्हणाले.

धाकटा वळला.

"उजवी."

"अण्णा, आपण घरावरून चाललोय."

"माहीत आहे. उजवी."

टायरवाल्यावरून पहिल्यांदा गेले तेव्हा त्याचं शटर बंद होतं. चौकातल्या पोलिसाने पहिल्या फेरीला दुर्लक्ष केलं, दुसऱ्या फेरीला नंबर पाहिला, तिसऱ्या फेरीला वहिनीचा चेहरा पाहून सलाम केला. जिलबी पूर्ण करून ते पुन्हा टायरवाल्याच्या गल्लीत शिरले. आता शटर वर होतं आणि बाहेर पायरीवर चार नवे कोरे टायर एकमेकांवर रचलेले होते. अंगावरचे कागदी पट्टे अजून निघाले नव्हते.

मागच्या खिडकीची काच खाली झाली.

"२३५," वहिनीने वाचलं. "६५. आर १७. भावजी, थांबवा."

"वहिनी, आत्ता?"

"मग काय परत येताना?"

धाकट्याने थांबवली. वहिनी अण्णांचा हात धरून उतरली आणि दुकानातल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसली. एक स्कूटरवाला पंक्चर काढून घ्यायला थांबला होता. त्याने तिच्याकडे पाहिलं आणि रांगेतला आपला नंबर तिला देऊन टाकला, वर स्कूटरही लांब नेऊन लावली.

"चारही बदला," ती टायरवाल्याला म्हणाली. "मी बसलेय."

टायरवाला पांढराफटक पडला, पण हात चालू लागले. जॅक लागला, नट सुटले, पहिला मोठा टायर घरंगळत भिंतीला टेकला. दुसऱ्याच्या वेळी कळ आली. वहिनीने धरायला काही मिळेना म्हणून अण्णांच्या गळ्यातली मोजपट्टी धरली आणि ओढली. अण्णा वाकले ते कळ संपेपर्यंत वाकूनच राहिले. "सोड सावकाश, पोरी," ते मधूनमधून म्हणत होते, श्वासाबद्दल की पट्टीबद्दल ते कळलं नाही.

तेवढ्यात धाकट्याचा फोन वाजला. दादा.

"कुठे आहात?"

"टायरच्या दुकानात."

"आणि ती?"

"तीपण इथेच आहे. कळा सुरू झाल्यात."

"दे तिला."

वहिनीने फोन घेतला. "हं. बरी आहे. आता बोलता नाही येणार, तिसरा निघतोय. चौथा बाकी आहे." आणि पुढची कळ आली म्हणून तिने फोन धाकट्याकडे दिला.

"तिसरा?" दादा विचारत होता. "डॉक्टरांनी एकच सांगितलं होतं ना? धाकट्या, चौथा म्हणजे काय?"

"टायर," धाकटा म्हणाला, "टायर, दादा," आणि रेंज गेली.

चौथ्या चाकाचे नट आवळून झाल्यावर टायरवाल्याने घाम पुसला. "झालं, ताई. बॅलन्सिंग राहू दे, नंतर करू."

"करा," वहिनी म्हणाली.

"अहो वहिनी," धाकटा म्हणाला.

"डोंगरावर चाक थरथरलं तर मी काय करू? करा. हवा पुढे तेहतीस, मागे पस्तीस. दारात लिहिलंय."

त्याने चाकं काढली, मशीनवर फिरवली, कडेला शिशाचे तुकडे चिकटवले, परत चढवली, हवा मोजली. मग गाडी जॅकवरून उतरली आणि पूर्वीइतक्याच उंचीवर बसली. वहिनी उठून तिच्यापाशी गेली, आणि स्टुलाशिवाय, नुसतं दार धरून, आत बसली. बसल्यावर तिने खिडकीतून विचारलं, "भाऊ, हे आता नीट जातील ना? डावीकडेही?"

अण्णा, धाकटा आणि स्कूटरवाला, तिघेही टायरवाल्याच्या घशाकडे बघत होते.

"जातील," टायरवाला म्हणाला.

ते थांबले. काही आलं नाही. स्कूटरवाल्याने सुस्कारा सोडला. त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं, पण बाकीच्यांना बघून तोही घाबरला होता.

गल्लीच्या तोंडाशी अण्णांनी सवयीने कागद वर धरला, मग खाली ठेवला. "डावी," ते म्हणाले.

धाकट्याने स्टिअरिंग पार शेवटपर्यंत फिरवलं. गाडी वळली. ना खर्र, ना अडखळणं, फक्त नव्या रबराचा मऊ आवाज.

डोंगर आला. पहिल्या डाव्या वळणाला कुणी श्वास घेतला नाही. दुसऱ्याला धाकट्याने घेतला. तिसऱ्यानंतर अण्णा म्हणाले, "मापात असलेलं बरं असतं एखाद्या वेळी," आणि खिडकीबाहेर बघू लागले. त्यांच्या तोंडून हे वाक्य निघालं याला साक्षीदार फक्त दोघे होते, आणि त्यातल्या एकीला त्या क्षणी कळ आली होती. धाकट्याने ते दादाला सांगायचं ठरवलं. दादा विश्वास ठेवणार नव्हता.

वर पोहोचल्यावर वहिनीने डोकं मागे टेकलं. "भावजी, छान चालवताय," ती म्हणाली. धाकट्याचे कान लाल झाले. त्याने वेग आणखी कमी केला, इतका की एका सायकलवाल्याने त्यांना मागे टाकलं आणि मागे वळून बघितलं.

दवाखान्याच्या दारात वहिनीची आई उभी होती. तिने काही विचारायच्या आत वहिनीच म्हणाली, "आई, टायर बदलत होतो," आणि त्या बाईने आयुष्यात बरंच पाहिलेलं असल्यामुळे, "बरं केलंत," म्हणून तिला आत नेलं. डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं की वेळेवर आलात, सगळं ठीक आहे, अजून अवकाश आहे. धाकटा मागे होती त्या खुर्चीवर बसला. ती व्हीलचेअर निघाली. एका वॉर्डबॉयने त्याला बरंच लांब नेल्यावर विचारलं, "कुठे दुखतंय?"

"कुठेच नाही," धाकटा म्हणाला. खरंच कुठे दुखत नव्हतं. कालपर्यंत सगळीकडे दुखत होतं.

दुपार कलताना नर्स बाहेर आली आणि म्हणाली, मुलगी, दोघीही छान आहेत. अण्णांनी खिशातून रुमाल काढला आणि अख्खा चेहरा त्यात घातला. रुमाल चादरीएवढा होता, त्यामुळे ते बराच वेळ आतच राहिले.

धाकटा बाहेर पायऱ्यांवर आला आणि फोन लावत राहिला. कितव्या तरी वेळी लागला.

"पोहोचली का?" दादाने विचारलं. पलीकडे इंजिन घरघरत होतं.

"पोहोचली, दादा," धाकटा म्हणाला. "दोघी पोहोचल्या."

दोघांनीही फोन ठेवला नाही. शेवटी दादाने खाकरून विचारलं, "रडतोयस का रे?"

"नाही. इथे फरशी फिनेलने पुसलीये."

"हं," दादा म्हणाला. "इथेही पुसलीये."